प्रार्थनेत खरेदीखताची भाषा कशाला? (निकिया ते कॉन्स्टन्स: चर्चच्या जुन्या परिषदांबद्दल)

सांजवेळ (धागाकर्ती)

दोन महिन्यांपूर्वी वसईला मैत्रिणीकडे मुक्कामी होते. रविवारी सकाळी तिच्याबरोबर चर्चला गेले. मराठीतली मिस्सा मी पहिल्यांदाच ऐकली. गाणी, वाचनं, प्रवचन, सगळं कळत होतं. मग सगळे उभे राहिले आणि एकसुरात एक लांब मजकूर म्हणू लागले. त्यात येशूबद्दल काहीसं असं होतं की तो पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही, आणि पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे.

तिथे मी अडखळले. आरत्या आणि अभंग ऐकत वाढलेय मी. देवाला आपण आई म्हणतो, सखा म्हणतो, कधी त्याच्यावर रुसतो. 'हे आहे, ते नाही' अशी चतुःसीमा आखणारी भाषा मी फक्त जमिनीच्या कागदपत्रांत वाचली होती. घरी येताना मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "ते शब्द भांडणातून आलेत. सतराशे वर्षांपूर्वी तुर्कस्तानात सगळे बिशप जमले होते, तेव्हाचे."

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय आणि एक प्रश्न काही केल्या सुटत नाही. देव कसा आहे हे सभा भरवून, सह्या घेऊन ठरवता येतं का? आणि ठरवलं तरी लोक ते का मानतात? इथे जाणकार आहेत, ख्रिस्ती सभासदही आहेत. मनापासून विचारतेय.

---

जुनी_वही

चांगला विषय. आधी भांडण काय होतं ते सांगतो, म्हणजे ती भाषा परकी वाटणार नाही.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एरियस नावाचा एक धर्मगुरू होता. त्याचं म्हणणं वरवर पाहता साधं होतं. पिता आधी, पुत्र नंतर. म्हणजे पुत्र नव्हता असा एक काळ होता. म्हणजे पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो देवाने घडवलेला. हे त्याने गाण्यांतून पसरवलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. त्याच्या बिशपला, अलेक्झांडरला, यात धोका दिसला. येशू जर घडवलेला असेल तर आपण इतकी वर्षं त्याची प्रार्थना करतोय ती एका निर्मितीची पूजा ठरते.

सम्राट कॉन्स्टंटाईनला साम्राज्य एकसंध हवं होतं. त्याने ३२५ साली निकियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांना बोलावलं. प्रवासाला सरकारी टपालाच्या गाड्या-घोडे दिले. परंपरेने ३१८ बिशप म्हणतात, नेमका आकडा वेगवेगळा सांगितला जातो. रोमचे पोप सिल्वेस्टर स्वतः आले नाहीत, त्यांनी दोन धर्मगुरू पाठवले.

तिथे कोण बसलं होतं ते डोळ्यांसमोर आणा. रोमन सम्राट डायोक्लेशियनने सुरू केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. इजिप्तच्या पॅफनुशियसचा एक डोळा त्या छळात गेला होता, असं जुने इतिहासकार लिहितात. ज्या राज्याने डोळा काढला त्याच राज्याचा सम्राट आता समोर आसनावर. अशा माणसांना शब्द हलका वापरून चालणार नव्हता.

अडचण अशी की बायबलातलं कुठलंही वाक्य पुढे केलं की एरियसचे लोक म्हणत, "मान्य आहे," आणि आपल्या पद्धतीने अर्थ लावत. म्हणून बायबलात नसलेला एक ग्रीक शब्द घ्यावा लागला, होमोऊसिओस, 'एकाच तत्त्वाचा'. त्याचा दुसरा अर्थ एरियसला लावताच येत नव्हता. तुम्ही ऐकलंत ते हेच. चतुःसीमा म्हणालात ते अगदी बरोबर आहे, ती मुद्दाम आखलेली आहे.

---

रोखठोक

म्हणजे सम्राटाने बोलावलं, सम्राटाने खर्च केला, सम्राटाला हवं ते ठरलं. ज्यांनी सही केली नाही त्यांना हद्दपार केलं. यात देव कुठे आला? आणि याच सभेत बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची त्यावर मतदान झालं ना?

---

जुनी_वही

@रोखठोक, दुसरा मुद्दा आधी. बायबलच्या पुस्तकांवर निकियात मतदान झालेलं नाही. निकियाचे वीस नियम आज उपलब्ध आहेत, त्यांत पुस्तकांच्या यादीचा विषयच नाही. बिशपने एक शहर सोडून दुसऱ्या शहरात जाऊ नये, धर्मगुरूंनी व्याजाने पैसे देऊ नयेत, छळाच्या काळात डळमळलेल्यांना परत कसं घ्यावं, असे ते नियम आहेत. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आजची यादी अलेक्झांड्रियाचा पुढचा बिशप आणि निकियाचा खंदा समर्थक अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रात दिसते. मग उत्तर आफ्रिकेत हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या सभांत. कॅथलिक चर्चने तिच्यावर अखेरचा शिक्का ट्रेंटच्या परिषदेत, १५४६ ला मारला.

हद्दपारीचं तुमचं म्हणणं खरं आहे. सही न करणारे लिबियाचे दोन बिशप, सेकुंडस आणि थिओनस, एरियसबरोबर गेले. पण 'सम्राटाला हवं ते ठरलं' हे पुढच्या पन्नास वर्षांत टिकत नाही. त्यावर सवडीने लिहितो.

---

ओवीवेडा

संत निकोलसने, म्हणजे आपल्या सांताक्लॉजने, भर सभेत एरियसच्या कानशिलात लगावली होती असं वाचलंय. खरं का?

---

जुनी_वही

ती कथा शेकडो वर्षांनंतरची आहे. लोकांना ती आवडते, पण त्या काळच्या कुणीही ती लिहिलेली नाही.

---

बावखल

सांजवेळताई, मी वसईची. लहानपणापासून तो विश्वासांगीकार म्हणत आलेय आणि खरं सांगते, पंचवीस वर्षं तो नुसता तोंडपाठ होता. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका सिस्टरने एकदा फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'जन्मलेला' आणि 'घडवलेला'. म्हणाल्या, सुतार खुर्ची घडवतो, खुर्ची सुतार नसते. सुताराला मुलगा होतो, तो माणूसच असतो, बापासारखाच. मला तेवढ्यात कळलं. ती भाषा खरेदीखताची असेल, पण सांगते ती नात्याचीच गोष्ट.

एक दुरुस्ती. आम्ही म्हणतो तो मजकूर जसाच्या तसा निकियाचा नाही. निकियाचा 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढं म्हणून थांबतो आणि पुढे एरियसवाल्यांचा धिक्कार येतो. पवित्र आत्म्याबद्दलचा पुढचा भाग ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेशी जोडला जातो. धिक्कार गळला आणि प्रार्थना राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि गंमत बघा. निकियाचा विसावा नियम सांगतो की रविवारी गुडघे टेकू नयेत, उभं राहून प्रार्थना करावी, कारण तो पुनरुत्थानाचा दिवस. आम्ही दर रविवारी गुडघे टेकतो! माझ्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "गुडघे माझे, त्या बिशपांचे नाहीत."

---

ओवीवेडा

आजींना +१००. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

तिसवाडीकर

तुर्कस्तानातली ही भांडणं आपल्या किनाऱ्यापर्यंत आली होती, ते सांगतो. गोव्यात राहून हे सांगितलं नाही तर चुकल्यासारखं होईल.

४३१ मध्ये इफिसला परिषद भरली. प्रश्न मरियेचा. तिला 'देवाची माता' म्हणायचं का? कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप नेस्टोरियस म्हणे, 'ख्रिस्ताची माता' म्हणा, देवाला आई कशी असेल? अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल म्हणे, जन्माला आला तो देवच, त्याचे दोन तुकडे करू नका. सिरिलने घाई केली. अँटिओकचे बिशप वाटेत असतानाच २२ जूनला सभा सुरू केली आणि नेस्टोरियसला पदावरून काढलं. अँटिओकवाले पोहोचल्यावर त्यांनी वेगळी सभा घेऊन सिरिललाच काढलं. सिरिलचं म्हणणं टिकलं, पण त्याची ती घाई मला आजही खटकते. चार दिवस थांबला असता तर कदाचित पुढचं बरंच टळलं असतं.

पर्शियातल्या चर्चने इफिसचा निर्णय मानला नाही. आणि केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांचे बिशप शतकानुशतकं त्याच पूर्वेकडच्या चर्चमधून येत. आता थेट १५९९ ला या. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस कोचीजवळच्या उदयंपेरूरला गेले आणि त्यांनी धर्मसभा भरवली. तिथल्या लोकांकडून नेस्टोरियसचा धिक्कार वदवून घेतला. त्यांचे सिरियाक ग्रंथ तपासले, बदलले, कित्येक जाळले. ज्या माणसाचं नाव त्या शेतकऱ्यांनी आणि मिरीच्या व्यापाऱ्यांनी फक्त प्रार्थनेत ऐकलं होतं, त्याच्या साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या भांडणासाठी! त्या जखमेतून १६५३ ची कूनन क्रॉसची, म्हणजे पोर्तुगीज पाद्रींचा अधिकार झुगारण्याची, शपथ आली आणि समाज दुभंगला तो आजवर.

मी श्रद्धाळू कॅथलिक आहे आणि हे लिहिताना वाईट वाटतं. पण शेवट इथे होत नाही. ११ नोव्हेंबर १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या पूर्वेकडच्या चर्चच्या आजच्या वारस असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. 'देवाची माता' आणि 'ख्रिस्ताची माता' या दोन्ही संबोधनांमागची श्रद्धा एकच आहे, हे परस्परांनी मान्य केलं. भांडण ४३१ चं, समेट १९९४ चा.

---

सांजवेळ

@तिसवाडीकर, हे वाचून काही वेळ पुढे काही वाचवेना. ग्रंथ जाळल्याचं तर फारच लागलं.

@बावखल, सुतार-खुर्चीसाठी त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

---

काळा_कोट

मी वकील, धर्माचा अभ्यासक नाही. पण १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेबद्दल लिहायलाच हवं, कारण तिने न्यायालयं बदलली.

पोप इनोसंट तिसरे यांनी रोमला बोलावलेली ही सभा. चारशेहून अधिक बिशप, आठशेहून अधिक मठाधिपती आणि मठप्रमुख. नोव्हेंबरात तीन बैठका आणि सत्तरेक नियम. त्यातला अठरावा नियम: उकळतं किंवा थंड पाणी आणि तापलेलं लोखंड यांच्या परीक्षेला धर्मगुरूने आशीर्वाद देऊ नये. म्हणजे आपल्याकडे ज्याला दिव्य म्हणत तेच. मराठेशाहीच्या कागदांत रवादिव्याचे निवाडे वाचले असतील, उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की नाही ते बघायचं. युरोपात हे धर्मगुरूच्या आशीर्वादाशिवाय होऊ शकत नव्हतं. आशीर्वाद थांबला आणि दिव्याचा आधारच गेला. इंग्लंडमध्ये १२१९ ला राजाच्या दरबारातून न्यायाधीशांना लिहून गेलं की आता दिव्य नाही. मग आरोपीचं करायचं काय? तिथून फौजदारी खटल्यात ज्यूरीची वाट रुंद झाली.

पन्नासावा नियमही आपल्याला ओळखीचा वाटेल. नात्यात लग्न करायची बंदी सात पिढ्यांपर्यंत होती, ती चारवर आणली, कारण खेड्यांत लग्नच जमेनात. आपल्या धर्मशास्त्रात सपिंड म्हणजे वडिलांकडून सात, आईकडून पाच, आणि १९५५ च्या कायद्यात पाच आणि तीन. माणसांच्या अडचणी सगळीकडे सारख्या.

पण त्याच परिषदेचा अडुसष्टावा नियम वाचून मान खाली गेली. ज्यू आणि मुसलमानांनी वेगळे ओळखू येतील असे कपडे घालावेत. पुढे युरोपात ज्यूंच्या अंगावर जी चिन्हं शिवली गेली त्यांची एक वाट इथून निघते. दिव्य बंद करणारे आणि हे लिहिणारे हात तेच. दोन्ही एकत्रच वाचायला हवं.

---

बावखल

@काळा_कोट, एक्कावन्नावा नियम राहिला! लग्नाआधी चर्चमध्ये वधूवरांची नावं जाहीर करायची, कुणाची हरकत असेल तर सांगावी. आमच्याकडे अजून नावं पुकारतात. माझी पुकारली तेव्हा मी खांबामागे लपले होते. आणि वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचं, त्यात ऐकलेलं धर्मगुरूने कुणालाही सांगायचं नाही, हे त्याच परिषदेच्या एकविसाव्या नियमात आहे.

---

ओवीवेडा

अवांतर: पोप निवडायला कार्डिनलांना कोंडून ठेवतात ते कुठल्या परिषदेत ठरलं?

---

जुनी_वही

लियॉनची दुसरी, १२७४. त्याआधी व्हितेर्बोला पोपची निवड पावणेतीन वर्षं रखडली होती, १२६८ ते १२७१. गावकऱ्यांनी कार्डिनलांना कोंडलं, जेवण कमी केलं, शेवटी छपरही उतरवलं असं सांगतात. त्यातून निवडून आलेल्या ग्रेगरी दहाव्यांनीच लियॉनला नियम केला: तीन दिवसांत निवड झाली नाही तर प्रत्येक जेवणाला एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर फक्त भाकरी, पाणी आणि वाईन.

---

ओवीवेडा

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला हा नियम लावा. पार्किंगचा प्रश्न तिसऱ्या दिवशी सुटेल.

---

सरोवरकाठी

मी जर्मनीत, कॉन्स्टन्सपासून तासाभरावर राहते. १४१४ ते १४१८ ची परिषद इथे झाली. ज्या इमारतीत १४१७ ला पोप निवडला ती सरोवराच्या काठावर अजून उभी आहे. मुळात ते इटलीच्या व्यापारासाठी १३८८ ला बांधलेलं मालाचं कोठार. भलंमोठं छप्पर, जाड लाकडी खांब. आई-बाबा भारतातून आले की मी त्यांना तिथे नेतेच.

तेव्हा पोप तीन होते. रोमचे ग्रेगरी बारावे, फ्रान्समधल्या अविन्योच्या परंपरेचे बेनेडिक्ट तेरावे, आणि १४०९ ला पिसाच्या सभेने दोघांना काढून तिसरा बसवला तेव्हा दोघेही हटले नाहीत म्हणून ती तिसरी परंपरा, तिचे जॉन तेविसावे. कॉन्स्टन्सला जॉन वेश बदलून पळाले, पकडले गेले, पदच्युत झाले. ग्रेगरींनी ४ जुलै १४१५ ला राजीनामा दिला. त्यानंतर पोपचा राजीनामा थेट २०१३ ला, बेनेडिक्ट सोळाव्यांचा. अविन्योवाले बेनेडिक्ट स्पेनमधल्या पेनिस्कोलाच्या किल्ल्यात मरेपर्यंत स्वतःला पोप म्हणवत राहिले. ११ नोव्हेंबर १४१७ ला मार्टिन पाचवे निवडले गेले आणि जवळजवळ चाळीस वर्षांची फूट मिटली. सभेने हे काम केलं, आणि दुसरं कुणी करू शकलं नसतं.

पण मी त्या कोठारापाशी थांबत नाही. गावाबाहेर एक मोठा दगड आहे, यान हुसची जागा दाखवणारा. प्रागचा हा धर्मगुरू राजा सिगिस्मुंडच्या (तो सम्राट पुढे झाला) अभयपत्रावर इथे आला. मत मागे घे म्हणाले, तो म्हणाला बायबलातून चूक दाखवा, घेतो. ६ जुलै १४१५ ला त्याला जिवंत जाळलं. तारखा पाहा. ग्रेगरींच्या राजीनाम्यानंतर दोनच दिवस. वडील त्या दगडापाशी चप्पल काढून उभे राहिले होते.

---

रोखठोक

आता बोला. अभयपत्र देऊन जाळलं. धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. सभा सत्य ठरवत नाही, सभा फक्त ताकद मोजते.

---

बावखल

@रोखठोक, हुसबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पोप जॉन पॉल दुसऱ्यांनीही १९९९ ला त्याच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. तो खेद आणखी आधी यायला हवा होता असं मलाही वाटतं. पण 'फक्त ताकद' म्हणालात तिथे थांबते. ताकदच सगळं असती तर मी आज एरियसचा मजकूर म्हणत असते.

---

जुनी_वही

बावखल यांनी नेमकं बोट ठेवलं, आणि मला सवडीने लिहायचं होतं तेही हेच.

निकियानंतर काय झालं? कॉन्स्टंटाईनने काही वर्षांत एरियसला परत बोलावलं. ३३७ ला मरणशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टॅन्शियस उघडपणे निकियाविरुद्ध. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार केलं, एकूण सतरा वर्षांच्या आसपास.

आणि ३५९ ला इटलीत रिमिनीला सभा झाली. तिथे चारशेहून अधिक बिशप होते, निकियापेक्षा जास्त. सुरुवातीला बहुतेकांनी निकियाचीच बाजू घेतली. सम्राटाच्या अधिकाऱ्याने त्यांना महिनोन्‌महिने घरी जाऊ दिलं नाही, थंडी आली, आणि दमून त्यांनी 'एकाच तत्त्वाचा' हा शब्द गाळलेल्या मजकुरावर सह्या केल्या. संत जेरोम लिहितात की सगळं जग कण्हलं आणि आपण एरियसवाले झालो हे पाहून चकित झालं.

आता हिशेब करा. रिमिनीकडे डोकी जास्त, सम्राट बाजूने, सह्या पक्क्या. तरी ती गळली आणि निकिया राहिली. ४४९ ला इफिसला पुन्हा सभा झाली, सम्राटाच्याच बोलावण्यावरून. पोप लिओंनी तिला दरोडेखोरांची सभा म्हटलं, आणि दोनच वर्षांत कॅल्सिडनला, ४५१ मध्ये, तिचे निर्णय रद्द झाले. त्या कॅल्सिडनलाही कॉप्ट, आर्मेनियन आणि सिरियाक चर्चांनी मान्यता दिली नाही, म्हणून ती आजही वेगळी आहेत. १४३९ ला फ्लॉरेन्सला ग्रीक आणि लॅटिन चर्चांच्या ऐक्यावर सह्या झाल्या, इफिसच्या मार्कने केली नाही. ग्रीक लोक घरी परतल्यावर जनतेने ते ऐक्य नाकारलं. कागद आहे, ऐक्य नाही.

रोमची मान्यता लागते हे कॅथलिक चर्चचं म्हणणं आहे, आणि ते तिच्या दृष्टीने महत्त्वाचं आहेच. पण त्याबरोबर दुसरंही लागतं. गावोगावच्या देवळांत तो शब्द म्हटला जाणं, पिढ्यान्‌पिढ्या. सभेत सही होते, पण ती टिकते की नाही हे बाहेर ठरतं.

---

रोखठोक

रिमिनीचं मला माहीत नव्हतं. हा मुद्दा मान्य. हुसचा मुद्दा सोडत नाही.

---

तिसवाडीकर

सोडूही नका.

---

सांजवेळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. उत्तर पूर्ण मिळालं असं म्हणणार नाही, पण माझा प्रश्न बदलला. सभेने ठरवलं म्हणून लोक मानतात, असं धरून मी विचारत होते. अथनेशियसची सतरा वर्षं आणि रिमिनीत थंडीने कुडकुडत सही करणारे बिशप वाचल्यावर ती ओळ आता मला कोरडी वाटत नाही. कुणीतरी हद्दपारीत सांभाळलेला शब्द आहे तो.

@बावखल, पुढच्या महिन्यात पुन्हा वसईला येतेय. तो मराठी मजकूर छापील मिळेल का? शब्दन्‌शब्द वाचायचाय.

---

बावखल

मिळेल की. आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, पानं सुटलीत पण ते पान शाबूत आहे. रविवारी सकाळीच या, मिस्सा झाल्यावर घरी जेवायला थांबा. आजीला गुडघ्यांचा नियम तुम्हीच सांगा.